ढाबळीतल्या रक्तापासून कोडॉनपर्यंत: मलेरियाच्या परजीवीची जनुकं यजमानानुसार बदलली का, हे कसं तपासायचं

हा प्रकल्प एमएस्सीच्या एका वर्षात बसतो, पण दोन तुकड्यांत केला तरच. पहिला तुकडा ढाबळीत आणि प्रयोगशाळेत: कबुतराचं किंवा कोंबडीचं रक्त, स्लाइड, पीसीआर आणि सायटोक्रोम-बी या जनुकाचा सीक्वेन्स. दुसरा तुकडा पूर्ण कॉम्प्युटरवर, डेटाबेसमधून उतरवलेल्या जनुकांवर. सातारा-सांगलीकडच्या साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीसीआर मशीन, जेलचा डबा आणि १००० पट मोठं दाखवणारा तेलाचा लेन्स असला की पहिला तुकडा होतो. सीक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यायचं.

दोन्ही तुकड्यांची गल्लत झाली की प्रकल्प फसतो. सायटोक्रोम-बी हे परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियातलं जनुक. मायटोकॉन्ड्रियाचा हा डीएनए जेमतेम ६,००० बेसचा असतो आणि त्यात प्रथिनं बनवणारी तीनच जनुकं असतात. हे प्रथिन परजीवीला पक्ष्यातही लागतं आणि डासातही, त्यामुळं त्यातला अमिनो आम्लाचा बदल बहुधा घातकच ठरतो आणि नैसर्गिक निवडीत गळून जातो. उरतात ते मुके बदल, म्हणजे अमिनो आम्ल न बदलणारे. म्हणून कोण कुणाचा भाऊबंद, हे सांगायला ते उत्तम. परजीवी यजमानाशी कसा जुळवून घेतो, हे सांगायला निरुपयोगी. ते पाहायचं तर तांबड्या पेशीत शिरताना वापरली जाणारी जनुकं घ्यावी लागतात: एएमए-१, ईबीए-१७५, आरएच-५, तांबड्या पेशीवरच्या डफी या प्रथिनाला चिकटणारं डीबीपी. ढाबळीतल्या नमुन्यातून ही जनुकं काढणं एमएस्सीच्या आवाक्याबाहेरचं आहे, कारण पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं आणि काढलेल्या डीएनएत जवळजवळ सगळा पक्ष्याचाच असतो.

म्हणून वाटणी अशी: परजीवी ओळखायला आणि हात बसायला ढाबळ, निवड मोजायला डेटाबेस. पक्ष्यांचं काम दुय्यम, असं मार्गदर्शक म्हणाले तर रोनाल्ड रॉसनी १८९८ मध्ये कोलकात्यात डासाच्या चाव्यातून मलेरिया पसरतो हे पक्ष्यांवरच सिद्ध केलं होतं, याची आठवण करून द्यावी.

परवानगी आधी

फक्त पाळीव पक्षी घ्या: मिरजेकडची पाळलेली कबुतरं, पलूस-वाळव्याकडच्या खुराड्यातल्या गावरान कोंबड्या. मायणीच्या तलावावरचा किंवा सागरेश्वरच्या अभयारण्यातला पक्षी पकडायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती प्रकल्पाच्या मुदतीत येईल या भरवशावर राहू नये. पाळीव प्राण्यांसाठीही संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आणि मालकाची लेखी संमती घ्या. रक्त पशुवैद्यकांनीच काढावं.

महाबळेश्वरच्या घाटात गाडीच्या टपावर येऊन बसणाऱ्या टोपी माकडाला तर हातही लावायचा नाही. त्याचं काम दुसऱ्या तुकड्यात आहे, तेही फक्त पडद्यावर.

ढाबळीत: पहिली पाच मिनिटं

कबुतराचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. वजनाच्या एक टक्क्यापर्यंत रक्त काढणं सुरक्षित मानतात, म्हणजे ३ मिलिलिटर. आपल्याला लागतं ५० मायक्रोलिटर, दोन-तीन थेंब. पंखाच्या आतल्या बाजूची शीर २६ नंबरच्या सुईनं टोचून थेंब केशनलिकेत ओढून घ्यायचा. नलिका निळ्या पट्टीची घ्या. लाल पट्टीच्या नलिकेला आतून हेपारिन लावलेलं असतं आणि हेपारिन पीसीआर अडवतं. मग जेलवर काही दिसत नाही आणि पक्षी निरोगी होता असं वाटतं. टोचल्यावर कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा.

स्लाइड तिथंच करा, प्रयोगशाळेत नेऊन नाही. रक्त शरीराबाहेर आलं की त्याचं तापमान उतरतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि परजीवीच्या नर-मादी पेशींना वाटतं आपण डासाच्या किंवा माशीच्या पोटात पोहोचलो. काही मिनिटांतच त्या गोल होऊन तांबड्या पेशीतून बाहेर पडू लागतात. कबुतरातला परजीवी ओळखायची मुख्य खूणच त्या पेशीचा आकार असल्यामुळं उशिरा केलेली स्लाइड वाया जाते. प्रत्येक पक्ष्याच्या तीन स्लाइड काढा: थेंब लहान, ओढणारी काच साधारण ४५ अंशात, शेवटाला पिसासारखी पातळ होत गेलेली. वहीचा पुठ्ठा घेऊन वारा घाला. जुलै-ऑगस्टात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडं, हवा इतकी ओली असते की स्लाइड आपोआप वाळेपर्यंत पेशी आक्रसून पोकळ दिसू लागतात. वाळली की शुद्ध मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवून स्थिर करा. स्थिर न केलेली स्लाइड रात्रभर टेबलावर ठेवली तर सकाळी मुंग्यांनी साफ केलेली सापडते.

उरलेलं रक्त ९६ टक्के इथेनॉलच्या बाटलीत लगेच हलवून मिसळा; गुठळी झाली तर आतलं रक्त टिकत नाही. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हातही इथेनॉलमधलं पक्ष्याचं रक्त प्रवास सोसतं, तरी मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नये. बाटलीवर पेन्सिलनं लिहा. इथेनॉलचा थेंब पडला की मार्करची शाई उतरते.

रंग आणि पाणी

गिम्सा रंग १० टक्के, पाऊण ते एक तास, पीएच ७.२. सगळा खेळ या पीएचवर. बोअरच्या अल्कलीयुक्त पाण्यात गिम्सा पातळ केला तर सगळी स्लाइड निळीभोर होते आणि परजीवीचं केंद्रक उठून दिसत नाही. पाणी आम्लाकडं झुकलेलं असेल तर उलट, सगळं गुलाबी. बफरच्या गोळ्या आणि ताजं डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि पीएच पट्टीवर नाही, मीटरवर पाहा. गिम्साच्या मूळ द्रावणाची बाटली हलवू नका. तळाचा गाळ वर आला की स्लाइडवर जांभळे ठिपके पडतात आणि नवखा माणूस तेच परजीवी म्हणून मोजतो.

तेलाच्या लेन्सखाली निदान १०० क्षेत्रं पाहा. कबुतरात बहुतेक वेळा भेटतो तो हिमोप्रोटिअस कोलंबी, मलेरियाच्या प्लास्मोडियमचा चुलतभाऊ. तो तांबड्या पेशीच्या केंद्रकाला अर्ध्या कड्यासारखा वेढून बसतो आणि त्यात सोनेरी-तपकिरी रंगकण दिसतात. त्याला डास नाही, कबूतर-माशी पसरवते: चपटी, पिसांतून सरसर पळणारी, ढाबळीवाल्यांच्या चांगल्या ओळखीची. रक्तातल्या पेशीत तो कधी विभागत नाही. एकाच तांबड्या पेशीत रंगकणांसह केंद्रकांचा झुबका दिसला तर ते प्लास्मोडियम, आणि कोंबडीत ते सापडलं तर मार्गदर्शकांना लगेच बोलवा. प्लास्मोडियम गॅलिनेशिअम मूळचा रानकोंबड्यांमधला; पाळीव कोंबडीला तो फार जड जातो.

म्हशीतला मलेरियाही १९१९ पासून लेखी नोंदलेला आहे, पण गोठ्यातल्या स्लाइडवर दिसतो तो सहसा गोचीड तापाचा बबेशिया किंवा थायलेरिया. त्यांच्यात रंगकण नसतात. रंगकण नाहीत तर मलेरियाचं नाव घेऊ नका.

पीसीआर, दोन फेऱ्यांचा

पक्ष्याच्या रक्ताचा डीएनए काढताना हात आखडता घ्या. ५ ते १० मायक्रोलिटर पुरे. केंद्रकं असल्यामुळं याहून जास्त घेतलं तर किटचा फिल्टर तुंबतो आणि द्रावण चिकट होतं. डीएनए प्रति मायक्रोलिटर २५ नॅनोग्रॅमवर आणा आणि प्रत्येक नळीत २ मायक्रोलिटर, म्हणजे ५० नॅनोग्रॅम टाका.

पक्ष्यांसाठी २००४ पासून रुळलेली पद्धत वापरा: बाहेरचे प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) हीम-एनएफआय आणि हीम-एनआर३, आतले हीम-एफ आणि हीम-आर२. दोन्ही फेऱ्यांना ९४ अंशावर ३ मिनिटं, मग ९४ वर ३० सेकंद, ५० वर ३० सेकंद, ७२ वर ४५ सेकंद असं चक्र, आणि शेवटी ७२ वर १० मिनिटं. पहिल्या फेरीत चक्रं २०, दुसऱ्या फेरीत ३५. दुसऱ्या फेरीत साचा म्हणून पहिल्या फेरीतला १ मायक्रोलिटर. पहिल्या फेरीनंतर जेलवर काहीच दिसणार नाही. २० चक्रांत दिसावं असा हेतूच नाही. दुसऱ्यानंतर ५०० बेसच्या थोडी वर पट्टी दिसते, आणि प्रायमर कापल्यावर हाती राहतात साधारण ४८० बेस.

घोटाळा होतो तो दोन फेऱ्यांच्या मध्ये. पहिल्या फेरीच्या नळीचं झाकण उघडताना उडालेला अदृश्य थेंब पुढच्या आठवड्यातल्या सगळ्या नमुन्यांना बाधतो. ती नळी वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटनं उघडा. दर आठ नमुन्यांमागं एक नळी नुसत्या पाण्याची ठेवा, आणि ती दोन्ही फेऱ्यांमधून न्या. पाण्याच्या रांगेत पट्टी आली तर ती पूर्ण तुकडी टाकून द्या, एकाही नमुन्यावर माया नको.

सीक्वेन्स दोन्ही दिशांनी करून घ्या. आलेख उघडला की एकाच जागी दोन शिखरं दिसतील, आणि वारंवार दिसतील: एका पक्ष्यात दोन परजीवी असणं नेहमीचं आहे. उंच शिखर निवडून पुढं जाऊ नका. दोन परजीवींची अक्षरं मिसळून निसर्गात नसलेला तिसराच सीक्वेन्स तयार होतो. तो नमुना मिश्र म्हणून बाजूला ठेवा. स्वच्छ सीक्वेन्स मलावी या डेटाबेसमध्ये शोधा. तिथं एका बेसचा फरकही नवा वंश म्हणून मोजला जातो. म्हणूनच एका बेसच्या फरकावर उड्या मारू नका. आधी मूळ डीएनएपासून दोन्ही फेऱ्या पुन्हा करा, डीएनएची प्रत काढणारं पॉलिमरेजही चुकतं.

झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढण्यापूर्वी सीक्वेन्सचं अमिनो आम्लांत भाषांतर करून पाहा. मायटोकॉन्ड्रियासाठी एनसीबीआयचा ४ नंबरचा कोड निवडा, त्यात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन. वाचनाच्या तिन्ही चौकटींपैकी एकीत तरी थांबा-कोडॉन अजिबात नसावा (कोडॉन म्हणजे एका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरं). सगळ्यांत असेल तर कुठं तरी बेस सुटलाय. झाडाच्या मुळाशी ल्युकोसायटोझून हा दूरचा नातेवाईक ठेवा. हा तुकडा इथं संपला.

कॉम्प्युटरवर: कोणती जनुकं, कोणते यजमान

सगळ्यात सोपा आणि अर्थपूर्ण गट विव्हॅक्सचा. माणसातला प्लास्मोडियम विव्हॅक्स आणि आशियातल्या माकडांतले त्याचे जवळचे: सायनोमोल्गी, नोलेसी, कोटनेयी, इनुई, फ्रॅजाइल. सहाही जीनोम प्लास्मोडीबी या डेटाबेसवर मिळतात. फ्रॅजाइलचा तिथला वाण नीलगिरीचा आहे, आणि दक्षिण भारतात त्याचा यजमान म्हणजे आपल्या घाटातलंच टोपी माकड. नोलेसी माकडांतून माणसातही येतो, त्यामुळं यजमानाच्या रकान्यात नुसतं माकड लिहून भागत नाही.

फाल्सिपेरमचा गट हवा असेल तर चिंपांझीतला रायकेनोवी आणि गोरिलातला प्रीफाल्सिपेरम घ्या. माणसातला फाल्सिपेरम गोरिलाकडून आला, हे २०१० पासून स्पष्ट आहे. पण फाल्सिपेरम आणि विव्हॅक्स एकाच तक्त्यात कोंबू नका. फाल्सिपेरमच्या जीनोममध्ये ए आणि टी मिळून ८० टक्क्यांच्या वर, विव्हॅक्समध्ये ६० टक्क्यांच्या आसपास. इतक्या दूरच्या दोघांत मुके बदल एकाच जागी पुन्हा पुन्हा होऊन पुसले गेलेत, आणि त्यांचा आकडा खोटा येतो. मुक्या बदलांचं प्रमाण (दर मुक्या जागेमागं बदल) १ च्या वर गेलं की त्या जोडीवर विसंबू नका.

जनुक एएमए-१ घ्या. प्रत्येक प्रजातीत त्याची एकच प्रत असते. व्हार, पीर यांसारखी घराणी टाळा. फाल्सिपेरमच्या एका जीनोममध्ये व्हार जनुकं ६० च्या घरात आहेत. त्यातलं कुठलं दुसऱ्या प्रजातीतल्या कुठल्याशी जोडायचं, हे ठरवताच येत नाही. परजीवीच्या आवरणाच्या प्रथिनाचं सीएसपीही सुरुवातीला नको: त्याच्या मधल्या भागात ठराविक अमिनो आम्लांचं (फाल्सिपेरममध्ये चार, विव्हॅक्समध्ये नऊ) तेच ते तुणतुणं असतं आणि तिथलं अलाइनमेंट, म्हणजे सीक्वेन्स एकमेकांखाली जुळवणं, ही निव्वळ कल्पना.

एका जनुकाकडं नीट पाहू. फाल्सिपेरमचं एएमए-१ प्रथिन ६२२ अमिनो आम्लांचं, विव्हॅक्सचं ५६२. हे ६० बहुतेक सगळे सुरुवातीच्या टोकाला आहेत. कुणी हे दोघं एकत्र घेऊन सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं, तर ते ही पोकळी तुकड्या-तुकड्यांनी वाटून टाकतं, भलतेच कोडॉन समोरासमोर येतात, आणि प्रत्येक चुकीची जोडी निकालात अर्थ बदलणारा बदल म्हणून मोजली जाते. निवडीचा ठसठशीत पुरावा म्हणून जे मिरवलं जातं, त्यातलं बरंचसं असंच जन्मलेलं असतं. म्हणून आधी प्रथिनांचं अलाइनमेंट माफ्टवर करा, त्यावरून पालटूनालनं कोडॉन जुळवा, आणि मग डोळ्यांनी एकेक रांग पाहा. ज्या जागी एकाच प्रजातीत सलग पाच-सहा फरक एकवटलेत, तिथं आधी चुकीचा संशय घ्या. मसुदा स्वरूपातल्या जीनोममध्ये एन या अक्षराची रांग असेल तर तो भाग कापा.

मोजणी

एएटी बदलून एएसी झालं तरी ॲस्परजिनच. हा मुका बदल. एएटीचं एएए झालं की लायसिन. हा अर्थ बदलणारा. दोन्हींचा दर काढून अर्थाच्या दराला मुक्या दरानं भागलं की ओमेगा येतो. १ च्या खाली म्हणजे बदल गाळले जातात, वर म्हणजे बदलाला फायदा मिळतो. पूर्ण जनुकाचा ओमेगा जवळपास नेहमीच १ च्या खाली येतो. त्यावरून निवड नाही असं लिहू नका. शंभर जागा स्थिर आणि पाच जागा धावत्या असल्या की सरासरी त्या पाचांना गिळते.

म्हणून पॅमल या सॉफ्टवेअरमधलं कोडएमएल वापरा आणि जागावार मॉडेलं लावा: एम७ (ओमेगा १ च्या वर जाऊ न देणारं) विरुद्ध एम८ (जाऊ देणारं). कोडॉनची वारंवारता एफ३एक्स४ ठेवा, नाहीतर एटीचा झुकाव निकालात झिरपतो. अलाइनमेंटमधल्या पोकळ्या काढून टाका. सुरुवातीचा ओमेगा ०.५, १ आणि २ असा बदलून तीनदा चालवा. तिन्ही वेळा लॉग-लाइकलीहुड (मॉडेल डेटाला किती बसतं त्याचा आकडा) एकच आला पाहिजे. समजा एम७ चा आला -४३२१.६ आणि एम८ चा -४३१६.२. फरक ५.४, दुप्पट १०.८. दोन मुक्तिमात्रांसाठी काय-स्क्वेअरची हद्द ५.९९, आकडा त्यापलीकडं गेला, म्हणजे काही जागांवर निवड आहे. फक्त विव्हॅक्सच्याच फांदीवर निवड झाली का, हे विचारायचं असेल तर ब्रँच-साइट मॉडेल, झाडात त्या फांदीवर खूण, आणि हद्द ३.८४. फाइलमध्ये आकडे देवनागरीत टाकू नका, प्रोग्रॅम बंद पडतो.

या सगळ्याच्या आधी डेटामंकी या संकेतस्थळावर गार्ड ही डीएनएची अदलाबदल शोधणारी चाचणी चालवा. एएमए-१ मध्ये एकाच जातीच्या वाणांत अदलाबदल होते. तुकड्यातुकड्याचा वंश वेगळा असताना एकच झाड दिलं तर कोडएमएलला निवडीचा भास होतो. गार्डनं तोड दाखवली तर तुकडे वेगळे तपासा.

निवड दिसली, पण कुणामुळं?

आकडा आल्यावर खरं काम सुरू होतं. परजीवीवर यजमानाच्या तांबड्या पेशीचा दाब असतो, यजमानाच्या प्रतिकारशक्तीचा असतो, डासाचा असतो, आणि माणसात औषधांचाही.

औषधांचा सगळ्यात आधी वगळा. सीआरटी, डीएचएफआर, केल्च-१३ ही औषधांना दाद न देण्याशी जोडलेली जनुकं फाल्सिपेरम आणि चिंपांझीतल्या परजीवीत वेगळी दिसली, तर त्यात यजमानाचा हात नाही. चिंपांझीला कुणी क्लोरोक्विन दिलं नाही. डासाचा दाबही विसरला जातो. पीएफएस-४७ हे जनुक परजीवीला डासाच्या प्रतिकारशक्तीपासून लपवतं. सांगलीच्या गच्चीवरच्या टाकीत वाढणारा ॲनाफिलीस स्टेफेन्साय आणि गटारातला क्युलेक्स, दोघं डासच, पण पक्ष्यांचे मलेरिया मुख्यतः क्युलेक्समधून जातात आणि माणसाचा फक्त ॲनाफिलीसमधून. पक्षी आणि माणूस यांची तुलना करताना यजमान आणि डास एकदम बदलतात. दोघांचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

प्रतिकारशक्तीचा दाब वेगळा काढायला मॅकडोनल्ड-क्रेटमन चाचणी. जेनबँक या सार्वजनिक सीक्वेन्स-साठ्यातून विव्हॅक्सच्या एएमए-१ चे वीस-तीस वाण घ्या, बाहेरचा म्हणून सायनोमोल्गी, आणि डीएनए-एसपी या सॉफ्टवेअरमध्ये चार घरांचा तक्ता मांडा: जातीच्या आतले मुके आणि अर्थाचे बदल, दोन जातींमधले मुके आणि अर्थाचे. अर्थाचे बदल जातीच्या आतच जास्त साचले असतील तर ती माणसाच्या अँटिबॉडींशी चाललेली चकमक आहे, यजमान बदलल्याची खूण नव्हे. एएमए-१ मध्ये बहुतेक हेच निघतं, आणि तसं लिहायला लाजू नये.

यजमानाचा ठसा खरंच हवा असेल तर दाराची कुलपं माहीत असलेली जनुकं घ्या, म्हणजे यजमानाच्या पेशीवर ती कशाला चिकटतात ते ठाऊक असलेली. नोलेसीची डीबीपी तीन: अल्फा माणसाच्या डफीला चिकटतं, बीटा आणि गॅमा माकडाच्या पेशीवरच्या अशा सायलिक आम्लाला चिकटतात जे माणूस बनवूच शकत नाही. आरएच-५ मध्ये तर गुणसूत्राचा तुकडाच गोरिलातल्या दुसऱ्या परजीवीकडून फाल्सिपेरमच्या पूर्वजाकडं आला. तिथं फक्त आरएच-५ चं झाड काढलं तर ते जातींच्या झाडाशी जुळत नाही, आणि ती चूक नसते. म्हणून प्रत्येक जनुकाचं झाड वेगळं काढून जातींच्या झाडाशेजारी ठेवा.

शेवटची नजर नोंदीतल्या यजमानाच्या रकान्यावर. विव्हॅक्सचा जुना संदर्भ वाण साल्व्हाडोर-१ माणसातून घेतला, पण वाढवला अमेरिकन माकडांत. रकान्यात माकड दिसतं, आणि अजाण विद्यार्थी त्याला माकडाचा परजीवी म्हणून मोजतो. नव्या कामाला पी-०१ हा वाण घ्या. तो थेट पापुआतल्या रुग्णाचा आहे. आणि स्वतःचे ढाबळीतले सीक्वेन्स जेनबँकेत टाकताना यजमानाच्या रकान्यात नुसतं पक्षी लिहू नका: कोलंबा लिव्हिया, पाळीव, तालुका मिरज, महिना, आणि स्लाइडवर काय दिसलं ते.